पिकअपचा पुढचा आस: एका उलट्या सुधारणेचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर साहजिकच काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या मालिकेत हे गॅरेज कुठून शिरलं? शंका रास्त आहे. यंत्रांचा इतिहास आपण बहुतेक वेळा कारखान्याच्या फाटकापर्यंतच सांगतो. अमुक साली शोध लागला, तमुक साली गाडी बाजारात आली, की गोष्ट संपली. फाटकातून बाहेर पडलेल्या यंत्राचं गिऱ्हाईक पुढे काय करतं, तिकडे फारसं कुणी बघत नाही. आज आपण ज्या गिऱ्हाइकांबद्दल बोलणार आहोत, त्यांनी कारखान्याने केलेली सुधारणा ग्राइंडरने कापून काढली आणि तिच्या जागी कारखान्याने सोडून दिलेली जुनी रचना वेल्डिंग करून बसवली. हे अमेरिकेत घडलं, मुख्यतः १९८६ नंतर, आणि मुख्यतः टोयोटाच्या पिकअप ट्रकवर. तिथे या कामाला 'सॉलिड ॲक्सल स्वॅप' म्हणतात.

आधी रचना समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर आणा. एकच दांडा, दोन टोकांना दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की आस तिरपा होतो. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा सॉलिड ॲक्सल म्हणजे तत्त्वतः हेच. फक्त दांड्याच्या जागी पोलादी पोकळ हाउसिंग असतं, त्यात डिफरन्शियलचा गोळा आणि चाकं फिरवणारे शाफ्ट असतात. हे सगळं धूड चासीखाली लीफ स्प्रिंगवर, म्हणजे गॅरेजवाले ज्यांना पाटे म्हणतात त्यांवर, टांगलेलं असतं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हा दांडा नसतोच. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वरखाली होतं, डिफरन्शियल चासीला घट्ट बोल्ट केलेलं असतं आणि तिथून चाकापर्यंत सांधे असलेले छोटे शाफ्ट जातात.

डांबरी रस्त्यावर दुसरी रचना सरस, यात वाद नाही. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि स्प्रिंगच्या खाली लोंबणारं वजन बरंच कमी होतं. दगडगोट्यांच्या चढावर हिशेब उलटतो. सॉलिड ॲक्सलचं एक चाक वर गेलं की तोच दांडा दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, म्हणून दोन्ही टायर जमीन धरून राहतात. डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबतो खरा, पण चाकांबरोबरच वरखाली होत असल्यामुळे जमिनीपासूनचं त्याचं अंतर फारसं बदलत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडीचं नाक खाली दबलं की चासीला बोल्ट केलेला गोळाही खाली येतो, नेमका दगडावर.

आता इतिहास.

अमेरिकन मोटारींनी पुढचा सॉलिड ॲक्सल सोडायला सुरुवात केली ती १९३४ मध्ये. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी त्या साली स्वतंत्र पुढचं सस्पेन्शन आणलं. जनरल मोटर्समध्ये या कामामागे मॉरिस ऑली हा इंजिनिअर होता. मूळचा इंग्रज, आधी रोल्स-रॉइसमध्ये होता. त्याच्यापुढच्या मोठ्या दुखण्यांपैकी एक होतं 'शिमी'. ठराविक वेगाला पुढची चाकं अचानक डावी-उजवी फडफडायला लागायची आणि स्टिअरिंग हातात थरथरायचं. कारण समजून घ्यायचं असेल तर घरी एक प्रयोग करून बघा. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी आसाला धरा, कुणालातरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग तिरपं करा. चाक हातातल्या हातात वळायला बघतं. सॉलिड ॲक्सलमध्ये एक चाक उचललं की दोन्ही चाकं तिरपी होतात, तिरपी झाली की वळायला बघतात, वळली की पुन्हा उचलतात. एका हेलकाव्यातून दुसरा वाढत जातो. चाकं एकमेकांपासून सुटी केली की ही साखळीच तुटते. हे शिमी प्रकरण लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

सगळेच काही लगेच हलले नाहीत. फोर्डने आपल्या मोटारींत पुढचा सॉलिड ॲक्सल १९४८ पर्यंत चालवला. आणि जिथे पुढची चाकंही इंजिनाच्या ताकदीवर फिरवायची होती, तिथे तर सॉलिड ॲक्सलला स्वस्त आणि टिकाऊ पर्यायच नव्हता. १९४१ पासूनची युद्धकाळातली जीप तशीच बांधली गेली. विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या, सगळ्या पुढे-मागे सॉलिड ॲक्सल आणि पाट्यांवरच्या.

युद्धानंतर त्या जीप बघून शेतकऱ्यांना आणि लाकूडतोड करणाऱ्यांना आपल्या पिकअपलाही चारही चाकांची ताकद हवीशी वाटली. मोठ्या कंपन्यांना तो बाजार लहान वाटत होता. इथे आपल्या गोष्टीतले पहिले बदल करणारे येतात. मिनियापोलिसची नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनी, थोडक्यात नॅपको, १९५० च्या दशकात 'पॉवर-पॅक' नावाचा संच विकायची. शेवरोले किंवा जीएमसी पिकअपचा पुढचा साधा ॲक्सल काढायचा, ताकद पोचवणारा ॲक्सल बसवायचा, मध्ये ट्रान्स्फर केस टाकायची, की झाली फोर-व्हील-ड्राइव्ह. काम इतकं नेटकं होतं की काही वर्षांत जनरल मोटर्सने हा संच स्वतःच्या कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे पिकअपचा पुढचा ॲक्सल बदलणं हे काही बंडखोर पोरांचं खूळ म्हणून सुरू झालेलं नाही. त्याची सुरुवात शेतीच्या गरजेतून झाली आणि कंपनीनेही ते आपलं मानलं.

१९६० मध्ये शेवरोलेने पिकअपचे दोन वंश वेगळे केले. दोन चाकांच्या ताकदीवर चालणारी ती 'सी', तिला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. चारही चाकांची ती 'के', तिला पुढे सॉलिड ॲक्सल आणि पाटे. हे दोन अक्षरांचं विभाजन आम्हाला फार बोलकं वाटतं. रस्त्याची गाडी आणि रानाची गाडी वेगळी असते, हे कंपनी तेव्हा उघडपणे मान्य करत होती.

ही समजूत जवळपास वीस वर्षं टिकली. मग गिऱ्हाईक बदललं. पिकअप ही हळूहळू शहरातल्या माणसाची एकुलती एक गाडी होऊ लागली. सोमवारी ते शुक्रवारी ऑफिस, रविवारी बायकामुलांना घेऊन तळ्याकाठी. अशा गाडीचा पुढचा भाग प्रत्येक सांध्यावर धडधडला तर कसं चालेल? फोर्डने १९८० मध्ये मधला मार्ग काढला. एकच लांब ॲक्सल ठेवण्याऐवजी त्याचे दोन तुकडे केले, मध्ये सांधा दिला आणि दोन्ही अर्ध्या दांड्यांना वेगवेगळं हलू दिलं. नाव दिलं 'ट्विन ट्रॅक्शन बीम'. त्याच वर्षी डॅटसनने आपल्या लहान पिकअपमध्ये सरळ टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. १९८८ मध्ये शेवरोलेने 'के' गाड्यांचाही सॉलिड ॲक्सल काढून टाकला. 'सी' आणि 'के' ही अक्षरं राहिली, पण पुढच्या सस्पेन्शनपुरता दोन्ही वंश आता स्वतंत्र रचनेवर आले.

टोयोटाची गोष्ट या सगळ्यांत जास्त रंगली, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत टोयोटाची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप १९७९ मध्ये आली. लहान, हलकी, इंजिन चार सिलिंडरचं, पुढे सॉलिड ॲक्सल. ताकद बेताची, पण मोडायचं नाव नाही. १९८५ च्या मॉडेलमध्ये फ्युएल इंजेक्शनचं २२-आरई इंजिन मिळू लागलं. आणि १९८६ च्या मॉडेलपासून पुढचा सॉलिड ॲक्सल गेला, टॉर्शन बार आले. त्यामुळे नवं इंजिन आणि जुना ॲक्सल एकत्र असलेलं वर्ष मिळालं ते १९८५ चं, एकच. 'बॅक टू द फ्युचर' सिनेमात मार्टी मॅकफ्लाय ज्या काळ्या पिकअपकडे आशाळभूतपणे बघतो, ती याच वर्षाची. हौशी मंडळींत त्या वर्षाच्या गाडीला आजही वेगळा मान आहे.

खरी गंमत पुढे आहे. टोयोटाने ॲक्सल सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी सोडला नव्हता. ऑस्ट्रेलियात आणि इतर अनेक देशांत हायलक्स नावाने विकली जाणारी हीच फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप पुढे १९९७ पर्यंत सॉलिड ॲक्सलवर मिळत होती. ऑस्ट्रेलियन शेतकरी शोरूममध्ये पैसे मोजून जे घेत होता, ते कोलोरॅडोतल्या माणसाला गॅरेजात लोखंड कापून मिळवावं लागत होतं. तेव्हा 'सॉलिड ॲक्सल जुना झाला' हे वाक्य जरा जपूनच वापरायला हवं. अमेरिकेतल्या रस्त्यांना आणि बाजाराला तो जुना झाला होता. टोयोटाच्या कारखान्याला तो जुना झाला नव्हता.

बदल करणाऱ्यांनी आधी सोपे उपाय करून पाहिले. १९८६ नंतरच्या गाडीला मोठे टायर बसवायचे तर ती उंच करावी लागते. बाजारात असे संच आले जे आर्म आणि डिफरन्शियल सगळंच काही इंच खाली आणायचे. उंची मिळाली, पण चाकाचा वरखाली प्रवास होता तेवढाच राहिला. टॉर्शन बार पिळून उंची वाढवली तर शाफ्टचे सांधे तिरपे होऊन लवकर झिजायचे, रबरी बूट फाटायचे. मोठ्या टायरचा भार स्टिअरिंगच्या आयडलर आर्मला झेपायचा नाही. हे सगळं भोगल्यावर काहींनी ठरवलं, मुळावरच जाऊ.

मग भंगारात जायचं. १९७९ ते ८५ मधली एखादी गंजून संपलेली टोयोटा शोधायची आणि तिचा पुढचा ॲक्सल सोडवून आणायचा. नव्या गाडीच्या पुढून आर्म, टॉर्शन बार, डिफरन्शियल, सगळं उतरवायचं. त्यानंतर येतं जिवावर येणारं काम. चासीला वेल्ड केलेले सगळे ब्रॅकेट कापायचे आणि चासी गुळगुळीत होईपर्यंत घासायची. इथून परत फिरता येत नाही. नॅपकोचा संच मुख्यतः बोल्टवर बसायचा, इथे मात्र कारखान्याचं काम कायमचं पुसलं जातं. मग पाट्यांचे हँगर आणि शॅकल वेल्ड करायचे, ॲक्सल चौकोनात बसवायचा, ब्रेकचे होज लांब घालायचे, पुढचा प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून घ्यायचा.

चाकाचे सहा बोल्ट दोन्ही पिढ्यांत एकाच मापाचे, ते एक बरं होतं. पण जुना ॲक्सल सुमारे तीन इंच अरुंद. म्हणून लोकांनी कापून काढलेल्या नव्या सस्पेन्शनचे हब जपून ठेवले आणि तेच जुन्या ॲक्सलवर चढवले, रुंदी जुळली. स्टिअरिंगचंही तसंच. जुन्या पिकअपच्या स्टिअरिंग बॉक्सचा आर्म पुढे-मागे ढकलायचा. पाटा दबला की ॲक्सल थोडा सरकतो आणि मग गाडी आपोआप वळायला बघते. १९८६ नंतरच्या बॉक्सचा आर्म आडवा फिरतो, त्यामुळे एक लांब दांडा थेट पलीकडच्या चाकापर्यंत नेता येतो. झालं असं, की ज्यांच्याकडे मूळच्याच सॉलिड ॲक्सलच्या गाड्या होत्या तेही भंगारात नव्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स शोधू लागले. या व्यवहाराला नुसतं मागे जाणं म्हणणं आम्हाला बरोबर वाटत नाही. दोन्ही पिढ्यांतलं जे चांगलं होतं ते लोकांनी वेचून घेतलं, आणि ते कुठल्याही कंपनीच्या कागदावर नव्हतं.

मोठ्या पिकअपवरही हेच झालं, थोड्या वेगळ्या अडचणींसह. १९८८ नंतरच्या शेवरोलेत पुढच्या डिफरन्शियलची बाजू बदलून ड्रायव्हरकडे आली होती, तेव्हा जुन्या शेवरोलेचा ॲक्सल तिला चालेना. फोर्डच्या सत्तरच्या दशकातल्या ॲक्सलचा गोळा मात्र त्याच बाजूला होता. परिणामी कित्येक शेवरोलेंच्या पोटाखाली फोर्डचा ॲक्सल गेला. या दोन कंपन्यांच्या चाहत्यांमधलं वैर ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला विनोद सांगायला नको.

आता शिमीकडे परत येऊ. १९३४ मध्ये ज्या दुखण्यामुळे मोटारींनी सॉलिड ॲक्सल सोडला, ते दुखणं ॲक्सलबरोबर परत येतं. त्याचं आताचं नाव आहे 'डेथ वॉबल'. हायवेवर एखादा खड्डा लागतो आणि अख्खा पुढचा भाग असा हादरतो की वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. सैल बुश, झिजलेले सांधे, असंतुलित मोठे टायर, अशा गोष्टींतून ते सुरू होतं. ॲक्सल बसवताना त्याचा मागे झुकणारा कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो चुकला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. गाडी उंच केली की हा कोन बिघडतोच. जाणकार मंडळी ॲक्सलच्या टोकांचं वेल्ड कापून ती टोकं फिरवून पुन्हा जोडतात. हे मोजमापाचं काम आहे, डोळ्यांच्या अंदाजाचं नाही. आणि आमच्या मते या सगळ्या चळवळीची काळी बाजू इथेच आहे. ज्यांना खरोखर दगड चढायचे होते त्यांनी हे काम अभ्यास करून केलं. पुढे नुसत्या रुबाबासाठीही ते होऊ लागलं. गाडी दगडावर कधीच जाणार नाही, पण उंच दिसली पाहिजे. अशी गाडी हायवेवर फडफडली तर समोरून येणाऱ्याने काय पाप केलं आहे? स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची हौस एकवेळ समजू शकते, पण रस्ता सगळ्यांचा असतो.

स्वतंत्र सस्पेन्शन रानात निरुपयोगी असतं असंही समजू नका. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटातली शर्यत होते. तिथे उघड्या रानात सुसाट जायचं असतं, आणि तिथे लांब आर्मच्या स्वतंत्र सस्पेन्शननेच नाव कमावलं. हळू चढायचे दगड आणि वेगाने कापायची वाळू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅलिफोर्नियात जॉन्सन व्हॅलीला २००७ पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' नावाची शर्यत होते. तिच्यात वाळवंट आणि दगड दोन्ही येतात, आणि दोन्ही तऱ्हेच्या गाड्या उतरतात.

कारखान्यांनी यातून काही ऐकलं का? थोडं ऐकलं. जीपने आपल्या रँग्लरचा पुढचा सॉलिड ॲक्सल कधीच सोडला नाही. २००३ मध्ये आलेल्या रँग्लर रुबिकॉनमध्ये मजबूत डाना ४४ ॲक्सल पुढे-मागे आणि दोन्हींत लॉकर, हे सगळं कारखान्यातूनच मिळू लागलं. लोक जे गॅरेजात करून घेत होते ते आता शोरूममध्ये हप्त्यावर मिळत होतं. टोयोटाने मात्र अमेरिकेतल्या पिकअपबाबत मागे वळून पाहिलं नाही.

आता शेवटी आपल्याकडे, कारण जीपच्या या वंशाची एक फांदी मुंबईत आहे. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीप सुट्या भागांत आणून माझगावला जोडायला सुरुवात केली. त्यानंतरच्या कित्येक पिढ्या पुढच्या सॉलिड ॲक्सलवर आणि पाट्यांवर चालल्या. मारुतीची जिप्सीही १९८५ पासून अखेरपर्यंत तशीच होती. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर, वनखात्याच्या रस्त्यांवर आपण या गाड्या पाहिल्या आहेत, त्यांतले धक्केही खाल्ले आहेत. २०१० मध्ये थार आली आणि तिच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. कारण तेच, गिऱ्हाईक आता शहरात राहत होतं. आणि २०१८ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेत रॉक्सर आणली. त्याच घराण्यातली, सुटे भाग भारतातून गेलेले, जुळणी मिशिगनमध्ये, आणि पुढे सॉलिड ॲक्सल अन् पाटे. ती तिथे रस्त्यावरची गाडी म्हणून विकलीच नाही, शेतावर आणि रानात वापरायचं वाहन म्हणून विकली. १९६० मध्ये 'सी' आणि 'के' या अक्षरांनी जी वाटणी केली होती, ती इथे पुन्हा दिसते. फरक एवढाच, की या वेळी दोन भावंडांमध्ये अख्खा समुद्र आहे.

आपल्याकडचा थारवाला मग अमेरिकन माणसासारखा ॲक्सल बदलू शकतो का? कारागीर मिळतील. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणी झालेल्या वाहनात करता येणार नाही. अमेरिकेत उंचीचे आणि बंपरचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बरीच मोकळीक आहे. आपल्याकडे असा ॲक्सल बसवलेली गाडी आरटीओपुढे उभी करणं अवघड आहे. डेथ वॉबलबद्दल आत्ताच जे बोललो ते पाहता या निकालामागची काळजी आम्हाला पटते. त्याच वेळी हेही दिसतं, की नॅपकोसारखी एखादी कंपनी अशा चौकटीत उभीच राहिली नसती. तिला आधी कुणाच्यातरी शेतावर, कुणाच्यातरी जुन्या पिकअपवर हात साफ करावा लागला होता.

इथे थांबतो. कॅस्टरच्या कोनाबद्दल कुणाला आकृती काढून हवी असेल तर फळा इथेच आहे. प्रश्न घेऊ या.